मैदानी स्पर्धांचे गहाळ दप्तर

कुस्तीचा निकाल पाठ जमिनीला टेकताच लागतो आणि तो पाहणाऱ्या हजारोंच्या तोंडी पुढे पिढ्यानपिढ्या वावरतो. क्रिकेटमध्ये तर पराभूत संघाच्या अकराव्या गड्याने काढलेली एकुलती एक धावही धावपुस्तकात चिरंतन होऊन बसते. परंतु धावणे, उडी मारणे आणि फेकणे या मानवाच्या तीन आदिम क्रियांवर उभ्या असलेल्या मैदानी स्पर्धांचे सारे वैभव एका आकड्यात साठविलेले असते, आणि तो आकडा त्याच दिवशी कोणी टिपून प्रसिद्ध केला नाही, तर मैदानावर आखलेल्या फक्कीच्या रेघा पुसल्या जाण्यापूर्वीच तो पराक्रम नाहीसा होतो. महानगरांत हे टिपण ठेवावयास संघटना असतात, क्लब असतात, हौशी अभ्यासक असतात. जालना जिल्ह्यासारख्या मुलखात ते काम पुष्कळ वर्षे वर्तमानपत्राच्या आतील पानावरच्या बारीक टाइपातील निकालाने केले. तो निकाल कसा आला, कसा टिकला आणि कोणत्या कारणांनी तो क्षीण होत गेला, याचा हा वृत्तांत आहे.

नोंदीचे वावडे या मुलखाला कधीच नव्हते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जिल्ह्याच्या उत्तर भागातील असई गावाजवळ शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीच्या पलटणींची जी घनघोर लढाई झाली, तिच्यातील मृतांची, जखमींची आणि हस्तगत केलेल्या तोफांची मोजदाद इंग्रजी दप्तरात आजही वाचावयास मिळते. निजामी अंमलातील जमाबंदीच्या कागदांत गावोगावच्या शेतसाऱ्याचा तपशील सापडतो. कदीम जालन्याच्या पलीकडे हैदराबाद कंटिंजंटची जी छावणी १९०३ साली फौज उठेपर्यंत नांदत होती, तिच्याविषयी गॅझेटियरांनी पुरेसे लिहून ठेवले आहे. अमुक साली शंभर मीटर कोणी किती सेकंदांत तोडले, अंबडच्या वा परतूरच्या कोणत्या मुलाचा गोळा किती दूर पडला, हे मात्र कोणत्याही सरकारी कचेरीत मागावयास गेल्यास बहुधा निराशाच पदरी येते, आणि शोधकाला अखेर जुन्या वर्तमानपत्रांच्या पिवळ्या पडलेल्या फायलींकडे वळावे लागते.

निजामाच्या रियासतीत वर्तमानपत्र काढणे हीच मुळी साहसाची गोष्ट होती. ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या फर्मानान्वये जाहीर सभेलादेखील इजाजत घ्यावी लागे; आखाडे आणि व्यायामशाळा यांच्याकडे राज्यकर्ते संशयाने पाहत, कारण तेथे जमणारी तरुण मंडळी केवळ जोर-बैठकाच काढतात यावर त्यांचा विश्वास नव्हता (आणि तो सर्वस्वी अनाठायी होता असेही म्हणवत नाही). १९२० साली हैदराबादेत ‘निजाम विजय’ हे मराठी साप्ताहिक सुरू झाले, पुढे आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ काढला, आणि सरकारने बंदी घालावी व त्यांनी नवे नाव धारण करून पुन्हा अवतरावे असा लपंडाव काही काळ चालला. ज्या पत्राला आपले नावही निर्वेधपणे छापता येत नाही, त्याने शाळकरी पोरांच्या लांब उडीच्या फुटांचा आणि इंचांचा हिशेब ठेवावा ही अपेक्षा अन्यायाची होईल. मुक्तिपूर्व काळातील जालन्याचा क्रीडेतिहास बव्हंशी मौखिक राहिला त्याचे मूळ येथे आहे.

त्याच १९२० साली, रियासतीच्या सरहद्दीपलीकडे पुण्यात, वेगळेच काही घडत होते. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकरी तरुण पाहून जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा चकित झाले, आणि त्यांच्या पुढाकाराने अँटवर्पच्या ऑलिंपिकला जो छोटासा हिंदी संघ रवाना झाला, त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकिणी हे धावणारे होते. चौगुले मॅरॅथॉनमध्ये एकोणिसावे आले. शंभर वर्षांनंतरही आपण हे ‘एकोणिसावे’ निश्चयाने म्हणू शकतो याचे कारण केवळ एवढेच की कोणीतरी ते त्या वेळी लिहून ठेवले. मराठी वाचकाच्या ठायी शरीरसंपदेच्या वाङ्मयाची रुची त्या काळी होती हेही विसरता कामा नये: बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार ‘व्यायाम’ हे मासिक निष्ठेने चालवीत होते, आणि त्यांनी दहा खंडांत सिद्ध केलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ पाहिला की, ज्या समाजात असा प्रचंड उद्योग तडीस जाऊ शकतो, त्या समाजाला पुढे धावपटूचा वेळ छापावयास दोन ओळी जड का व्हाव्यात, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी अंमल संपल्यानंतर मराठवाड्यातील वृत्तपत्रांचा श्वास मोकळा झाला. औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) स्थिरावून पुढे दैनिक झालेल्या ‘मराठवाडा’ला अनंत भालेरावांसारखा समर्थ संपादक लाभला, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, आणि या सर्व घडामोडींबरोबर शालेय व आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धांचा एक वार्षिक क्रमही रूढ झाला. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातील एक तालुका होता, व्यापाराने सधन परंतु शासनाच्या दृष्टीने दुय्यम, आणि त्याच्या बातम्या औरंगाबादच्या पानावर दाटीवाटीने बसत.

त्या काळचा तालुक्याचा वार्ताहर हा पगारी नोकर क्वचितच असे. तो शिक्षक असे, वकील असे, क्वचित पुस्तकांचा वा किराण्याचा दुकानदारही असे, आणि मजकूर टपालाने अथवा एस. टी.च्या ओळखीच्या चालकाहाती पाकीट देऊन तो रवाना करी. तातडीचे असेल तेव्हाच तार. तारेला शब्दागणिक दाम पडत असल्यामुळे विशेषणे गळून पडत आणि उरे तो निव्वळ ऐवज: स्पर्धेचे नाव, पहिले तीन क्रमांक, शाळा, वेळ किंवा अंतर. मैदानी स्पर्धांच्या वार्तेला हा काटकसरीचा शिरस्ता विलक्षण मानवला, कारण ‘२०० मीटर धावणे’ या शब्दांपुढे एक नाव आणि एक आकडा आला की त्या बातमीत सांगावयाचे काही शिल्लक राहत नाही, आणि जे छापले गेले ते पुढच्या वर्षीच्या धावपटूला आव्हान म्हणून पुरेसे असते. वार्ताहर हाच जेथे शाळेचा शिक्षक असे तेथे त्याच्या हाताशी निकालपत्रकच असे. असले निकाल वाचावयास नीरस होते हे मान्य केले पाहिजे. त्यांत प्रेक्षकांचा जल्लोष नव्हता, शर्यतीचे वर्णन नव्हते, धावपटूच्या घरच्या परिस्थितीचा करुण उल्लेख नव्हता. परंतु तो रूक्ष मजकूरच आज आपल्याला इतिहास म्हणून उपयोगी पडतो.

या निकालांवरून काळाच्या खुणाही ओळखता येतात. आरंभी अंतरे यार्डांत आणि उड्या फूट-इंचांत. मग दशमान पद्धती आली आणि शंभर यार्डांची जागा शंभर मीटरने घेतली. मिल्खासिंगांनी १९५८ मध्ये कार्डिफला जिंकली ती ४४० यार्डांची शर्यत होती, आणि १९६० मध्ये रोमला त्यांचे पदक हुकले ते ४०० मीटरमध्ये. रोमच्या त्या चौथ्या क्रमांकाची आणि १९८४ मध्ये लॉस एंजलिसला सेकंदाच्या शंभराव्या भागाने पदक गमावणाऱ्या पी. टी. उषांच्या ५५.४२ या वेळेची आठवण ज्यांनी एकही मैदानी स्पर्धा प्रत्यक्ष पाहिली नाही अशा मराठी वाचकांच्याही मनात रुजली, ती आकडे छापणाऱ्या वर्तमानपत्रांमुळे.

ऱ्हासाची सुरुवात नेमकी कोणत्या दिवशी झाली असे सांगता येत नाही. पण १९८० ते १९८५ या अर्धदशकात, एकमेकांशी वरवर असंबद्ध अशा तीन गोष्टी घडल्या. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. १९८२ साली औरंगाबादेत ‘लोकमत’ची आवृत्ती निघाली आणि मराठवाड्यातील वृत्तपत्रांच्या स्पर्धेने निराळे वळण घेतले. त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्लीच्या आशियाई खेळांबरोबर रंगीत दूरचित्रवाणी आली, तिच्यावर वल्सम्मांची अडथळा शर्यत आणि चार्ल्स बोरोमिओ यांचे आठशे मीटरचे सुवर्णपदक देशाने पाहिले, आणि वाटले की आता मैदानी खेळांचा सुकाळ आला. परंतु अवघ्या सात महिन्यांनी, २५ जून १९८३ रोजी, लॉर्ड्सवर कपिलदेवच्या संघाने विश्वचषक उंचावला आणि क्रीडापानाचा सातबारा कायमचा क्रिकेटच्या नावे झाला. संदीप पाटील यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या मराठी क्रीडा नियतकालिकाचे नावही ‘एकच षटकार’ असे ठेवले गेले. त्यात त्यांचा दोष नाही. लोकांना हवे होते तेच ते देत होते.

जिल्हा झाल्यामुळे जालन्याला वर्तमानपत्रांत अधिक जागा मिळाली, हे निर्विवाद आहे. पुढे जिल्ह्यासाठी स्वतंत्र पाने आली, पुरवण्या आल्या, २०११ मध्ये ‘दिव्य मराठी’ अवतरला, छपाई रंगीत झाली. त्यामुळे मैदानी स्पर्धांच्या बातम्या अदृश्य झाल्या असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. उलट त्यांची संख्या वाढलीही असेल. पालटले ते बातमीचे स्वरूप. आजची तालुकास्तरीय स्पर्धेची बातमी उघडून पाहावी: उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले, अध्यक्षस्थानी कोण होते, प्रमुख उपस्थिती कोणाची होती, सूत्रसंचालन कोणी केले, आभार कोणी मानले, हे सर्व तीत क्रमवार येते; अमुक विद्यालयाच्या खेळाडूंनी ‘घवघवीत यश’ संपादन केल्याचे कळते; विजेत्यांची नावे येतात, कधी येत नाहीत; त्यांचे संस्थेचे अध्यक्ष, सचिव, मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि क्रीडाशिक्षक यांनी अभिनंदन केल्याचे नावानिशी नमूद होते; आणि सोबत एक छायाचित्र असते, ज्यात मान्यवर पुढे बसलेले आणि विजेती मुले मागे उभी असतात. त्या मुलीने आठशे मीटर किती वेळात पार केले हे अवघ्या बातमीत शोधूनही सापडत नाही.

याचे इंगित अर्थशास्त्रात आहे. जिल्हा पुरवणीचा जीव स्थानिक जाहिरातीवर आणि स्थानिक खपावर. आणि ज्या बातमीत पंधरा प्रतिष्ठितांची नावे आहेत, ती पंधरा घरी विकत घेतली जाते, कापून ठेवली जाते आणि तिचे उतराई होणे वाढदिवसाच्या जाहिरातीने शक्य असते. ‘२ मिनिटे ३१ सेकंद’ या मजकुराला असा कोणी वाली नसतो. आकड्यांना जागा नाही, हे कारण मात्र कोणी पुढे करू नये. जालन्याच्या मोंढ्यात सोयाबीन, तूर, ज्वारी आणि मका कोणत्या भावाने गेले हे वर्तमानपत्रे तपशिलाने देतात. लोखंडी सळयांचे दर चढले की उतरले याची वार्ता होते. १९६४ साली बद्रिनारायण बारवाले यांनी येथे उभारलेल्या महिको कंपनीमुळे बियाण्याच्या एकरी उताऱ्याची भाषा तर शेतकऱ्याच्या घरोघरी बोलली जाते. हा जिल्हा आकड्यांनी विचार करणाऱ्यांचा आहे. ज्या आकड्याला गिऱ्हाईक असते तो छापला जातो, एवढाच त्याचा अर्थ.

खेळांतही हाच न्याय दिसून येतो. डिसेंबर २०११ मध्ये जालन्याच्या विजय झोलने कूचबिहार करंडक स्पर्धेत आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या, तेव्हा तो आकडा एका दिवसात देशभर गेला, आणि २०१४ मध्ये तो एकोणीस वर्षांखालील भारतीय संघाचा कर्णधार म्हणून विश्वचषकात उतरला तोवर जालन्यातील लहान पोरांनाही तो पाठ झाला होता. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरीचा आखाडा जालन्यात भरला, बाला रफिक शेखने अभिजित कटकेवर मात करून गदा जिंकली, आणि त्या दिवसांत मराठी वर्तमानपत्रांचे रकाने लाल मातीने माखून निघाले. दोन्ही गोष्टी आनंदाच्याच आहेत. पण ४५१ या आकड्याला जे अमरत्व लाभले, त्याच्या शतांशानेही ते त्याच शहरातील एखाद्या धावपटूच्या सर्वोत्तम वेळेला लाभू नये, याचे कारण त्या दोघांच्या कर्तृत्वापेक्षा धावपुस्तक ठेवणाऱ्या संस्थेच्या शिस्तीत अधिक आहे.

येथे वर्तमानपत्रांची बाजूही मांडली पाहिजे. तालुकास्तरावर पुष्कळदा वेळ घेतलीच जात नाही. पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक देऊन पंच पुढच्या स्पर्धेकडे वळतात, कारण घड्याळ एक आणि गट अनेक, त्यात पाऊस पडून मैदानात चिखल झालेला, आणि सूर्यास्तापूर्वी सर्व प्रकार उरकावयाचे. जे मोजलेच नाही ते वार्ताहराने कोठून आणावे? पूर्वी निकालपत्रक मागणारा कोणीतरी दारात उभा असे म्हणून ते भरले जाई. मागणारा आला नाही म्हणून ते भरणे शिथिल झाले. आणि ते भरलेले नसते म्हणून मागणाराही येईनासा झाला. हे दुष्टचक्र केवळ आपल्याकडचे नाही. अमेरिकेत आणि इंग्लंडातही दैनिकांनी मैदानी शर्यतींची पाने आखडती घेतली आहेत, आणि २०२३ मध्ये तर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आपला क्रीडाविभागच मोडीत काढला. परंतु इंग्लंडात १९४५ पासून ‘अॅथलेटिक्स वीकली’ आणि अमेरिकेत १९४८ पासून ‘ट्रॅक अँड फील्ड न्यूज’ ही केवळ याच खेळाला वाहिलेली पत्रे होती. दैनिकाने हात काढून घेतला तरी तेथील आकडे निराधार झाले नाहीत. आमच्याकडे दैनिक हेच एकमेव दप्तर होते.

मोठे यश मिळाले की वर्तमानपत्र खडबडून जागे होते, याची साक्ष शेजारच्या बीड जिल्ह्यानेच दिली आहे. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला, सियाचीनच्या बर्फात राहून आला, आणि २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने ३,००० मीटर स्टीपलचेसचा गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. सदतीस वर्षे अबाधित राहिलेला विक्रम मराठवाड्याच्या मुलाने मोडावा ही घटना लहान नव्हती. तरी त्याचे नाव मराठी घराघरांत पोहोचले ते २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत त्याने रौप्यपदक मिळवल्यावर. साताऱ्यातील मोहीच्या ललिता बाबरचीही कथा अशीच. २०१६ मध्ये रिओला तिने अंतिम फेरी गाठली आणि मगच तिच्या गावचा रस्ता वार्ताहरांना सापडला. नीरज चोप्राच्या २०२१ मधील सुवर्णपदकानंतर तर काही ठिकाणी भालाफेकीच्या तंत्रापेक्षा त्याच्या पूर्वजांच्या पानिपती वंशावळीची चर्चा अधिक रंगली. पदकानंतरचे हे कौतुक आणि पदकापूर्वीची नोंद या दोन भिन्न गोष्टी आहेत. साबळेसारख्याच्या शालेय वयातील वेळा तालुक्याच्या पानावर नित्यनेमाने आल्या असत्या तर त्याने विक्रम लवकर मोडला असता असे मला म्हणावयाचे नाही. मात्र त्याच्या मागोमाग धावू पाहणाऱ्या मुलाला आपण कोठे आहोत हे कळले असते.

दरम्यान जालन्यात धावणे थांबलेले नाही, किंबहुना पूर्वी कधी नव्हते एवढे वाढले आहे. पहाटे अंबड रस्त्याला किंवा मंठ्याच्या वाटेला लागावे, तो तरुण-तरुणींचे थवे धावताना दिसतात. ते पोलीस भरतीची तयारी करीत असतात. राज्य राखीव पोलीस बलाचा तिसरा गट जालन्यातच आहे, आणि त्याच्या भरतीत पाच किलोमीटर, शंभर मीटर व गोळाफेक यांची परीक्षा होते, तेव्हा वेळेला आणि अंतराला गुण असतात. जी अचूक मोजणी क्रीडामैदानाने सैल केली ती भरतीच्या मैदानाने कठोरपणे स्वीकारली. आणि ते आकडे गुणवत्ता यादीत विरघळून जातात.

नोंद नसल्याचे आणखी एक फळ आपण भोगीत आहोत. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाचे वाढीव गुण आले, शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आले, आणि प्रमाणपत्राला मोल आले. मोल आले तसे बनावटही आले. मराठवाड्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस येऊ लागली तेव्हा त्यांच्या बातम्या मात्र ठळक मथळ्यांनी छापल्या गेल्या. अमुक तारखेला अमुक मैदानावर खरोखर स्पर्धा झाली होती काय, आणि तीत हा उमेदवार धावला होता काय, याचा निःपक्षपाती पुरावा म्हणून दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील निकालाइतका स्वस्त आणि सोपा दस्तऐवज दुसरा नव्हता. ज्या पानाने तो पुरावा निर्माण करणे सोडून दिले, त्याच्याच शेजारच्या पानावर आता गुन्ह्याची बातमी येते.

ज्या शिक्षकांनी, पंचांनी आणि माजी खेळाडूंनी जालना, अंबड, भोकरदन, परतूर, जाफराबाद, बदनापूर, घनसावंगी वा मंठा येथील जुन्या स्पर्धांची कात्रणे आणि निकालपत्रके ट्रंकांतून जपून ठेवली असतील, त्यांनी त्यांच्या प्रती आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाकडे सोपवाव्यात. आणि ज्यांच्या हाती यंदाच्या शालेय स्पर्धांच्या बातम्या लिहिण्याचे काम आहे, त्यांनी मान्यवरांची यादी हवी तेवढी द्यावी, पण विजेत्याच्या नावापुढे त्याची वेळ आणि त्याचे अंतर तेवढे लिहावे.